बिलिंगच्या सर्व्हरला डीरॅमवाली एसएसडी घ्यावी की बिनाडीरॅमची? कॅशे मोठी असली की वीज गेल्यावर डेटाही जास्त जातो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की डेटाबेस 20 जीबीचा आहे, तीन कॉम्प्युटर एकाच मशीनवर बिलं करतात, आणि सप्लायर म्हणतो, "रॅम 16ची 32 करा, एसएसडी कुठलीही चालेल, यूपीएस आहे ना."

या शेवटच्या तीन शब्दांसाठी हे उत्तर लिहितोय.

आधी तुमचं काम उरकतो. (डीरॅम म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी वेगवान मेमरी. ड्राइव्हवर ती कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, म्हणून असते.) एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) असेल तर 20 जीबीच्या डेटाबेसला बिनाडीरॅमची चालते. साटा (जुनी, हळू जोडणी) असेल तर बिनाडीरॅमची सर्व्हरला लावू नका. पण खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही: त्या ड्राइव्हवर वीज गेल्यानंतर पुरतील असे कपॅसिटर आहेत का? कॅशे किती जीबीची हे नंतर बघा. ती रिकामी करायला किती मिलिसेकंदांची वीज साठवून ठेवली आहे, हे आधी बघा.

आता यूपीएसचं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं एक मशीन सांगतो. औषधांच्या घाऊक दुकानाचा सर्व्हर. 1 टीबीच्या चार हार्ड डिस्क, 7200 आरपीएम, रेड 5 मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा भरून निघेल अशी जोडणी), आणि 512 एमबी कॅशेचं रेड कार्ड. कार्डाला खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीएवढी लिथियम बॅटरी. ही बॅटरी सर्व्हर चालवायला नसते. वीज गेली की कार्डावरच्या डीरॅमला ती जिवंत ठेवते, साधारण 72 तास. वीज परत आली की कार्ड डीरॅममध्ये अडकलेलं सगळं डिस्कवर उतरवतं. (72 तास हे लक्षात ठेवा. दिवाळीत दुकान चार दिवस बंद आणि मेन स्विच खाली, तर चांगली बॅटरीसुद्धा पाडव्यापर्यंत पोचत नाही. म्हणून नीट शटडाउन करूनच कुलूप लावायचं.)

अशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. दम सोडला की शहाणं कार्ड आपणहून राइट-बॅक (डीरॅममध्ये घेतलं की लगेच "झालं" म्हणणं) बंद करून राइट-थ्रूवर येतं, म्हणजे डिस्कवर अक्षर उमटल्याशिवाय "झालं" म्हणत नाही. इथेही तसंच झालं. बिल सेव्ह व्हायला चार-पाच सेकंद लागायला लागले, काउंटरवर गर्दी तुंबली, सप्लायर आला. त्याने बॅटरी मागवायच्या ऐवजी कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन "बॅटरी नसली तरी राइट-बॅक" हा पर्याय निवडला. बिलं पुन्हा झटपट. सगळे खूश.

पाच महिन्यांनी यूपीएसनेच मान टाकली. बाहेरची वीज होतीच! यूपीएसची आतली बॅटरी सुजलेली, त्याने स्वतःची चाचणी घेतली आणि त्या चाचणीत आउटपुट बसलं. सर्व्हर चालू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ: मेमरी किंवा बॅटरीत बिघाड आढळला, कार्ड सावरलंय, पण कॅशेमधला डेटा गेला, पुढे जायला कुठलीही कळ दाबा. काउंटरवरच्या पोराने कळ दाबली. त्याचा काय दोष, लिहिलंच होतं तसं.

पुढचा भाग नीट समजून घ्या, कारण "फार तर शेवटची दोन बिलं जातील" ही समजूत इथे मोडते. रेडची स्थिती "ऑप्टिमल" दिसत होती. फाइल सिस्टिमने आपला जर्नल (अर्धवट बदल सावरायची नोंदवही) चालवला, तीही समाधानी. डेटाबेस मात्र उघडेना. 512 एमबी म्हणजे डेटाबेसची 8 केबीची 65,536 पानं. रेड 5 मध्ये एक छोटं लिखाण म्हणजे दोन वाचनं आणि दोन लिखाणं, एकूण चार फेऱ्या. चार डिस्क, प्रत्येकी सेकंदाला शंभर फेऱ्या धरल्या तर अख्खी कॅशे डिस्कवर उतरायला कागदावर अकरा मिनिटं लागतात. बिलिंगने कॅशे कधी एवढी भरत नाही, आणि कार्ड क्रम लावून लिहितं म्हणून वेळही कमी लागतो. पण तो क्रमच तर घात करतो. डेटाबेस आधी लॉग (काय बदलणार याची नोंद) लिहितो, लॉग टेकला अशी खात्री करतो, मग पान बदलतो. त्याने खात्रीसाठी एफसिंक ("आत्ताच डिस्कवर उतरव" हा हुकूम) केलं तेव्हा कार्डाने डीरॅममधूनच "झालं" म्हणून सांगितलं. बॅटरी असती तर ते खरं होतं. बॅटरीशिवाय ती थाप होती. मग कार्डाने सोयीने उतरवताना काही पानं लॉगच्या आधी डिस्कवर गेली आणि त्यांचा लॉग कॅशेतच मेला. म्हणजे इंडेक्स नवा आणि नोंद जुनी, साठ्यातून माल वजा झालेला आणि बिल जागेवर नाही, बॅच नंबर एका औषधाचा आणि मुदत दुसऱ्याची. आदल्या रात्रीच्या बॅकअपवर मागे जावं लागलं आणि दिवसभराची बिलं छापील प्रतींवरून पुन्हा टाइप करावी लागली.

सप्लायर अजून म्हणतो, "डेटाबेस खराब झाला." डेटाबेसने जे विचारायचं ते विचारलं होतं. उत्तर खोटं मिळालं.

यूपीएस बाहेरची वीज सांभाळतो. एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) जळणं, कुणाच्या पायाने केबल निघणं, मशीन अडकल्यावर पॉवरचं बटण दाबून धरणं, यूपीएसच मरणं, यातल्या एकालाही तो अडवत नाही. शिवाय लहान गावांत सर्रास घरचा इन्व्हर्टरच "यूपीएस" म्हणून जोडलेला असतो. त्याच्या मागे मोडचा खटका असतो: यूपीएस मोडला तो 10-15 मिलिसेकंदांत बदलतो, साध्या मोडला 40 पर्यंत घेतो. तुमच्या मशीनचा एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरतो. गणित तुम्हीच करा आणि आज खटका बघून या.

आता एसएसडी. डीरॅमबद्दलचा मोठा गैरसमज असा की तुमचा डेटा तिथे जीबीच्या हिशेबाने वाट बघत बसतो. तसं नसतं. त्या डीरॅमचा बहुतेक भाग नकाशाने खाल्लेला असतो: कुठला 4 केबीचा तुकडा नँडमध्ये (एसएसडीतली वीज गेली तरी टिकणारी मेमरी) कुठे आहे. प्रत्येक तुकड्याला 4 बाइटची नोंद, म्हणजे हजारास एक. 1 टीबीला 1 जीबी डीरॅम हे प्रमाण यातूनच येतं. तुमचं खरं लिखाण त्यात काही एमबीच असतं. म्हणून "कॅशे दुप्पट तर नुकसान दुप्पट" हे एसएसडीला लागू होत नाही.

बिनाडीरॅमची एनव्हीएमई तुमच्या मशीनच्या रॅममधून थोडी जागा उसनी घेते, तिला एचएमबी म्हणतात. बहुतेक ड्राइव्ह 64 एमबीच्या आसपास मागतात. हजारास एक या हिशेबाने 64 एमबीत 64 जीबीचा नकाशा मावतो. तुमचा डेटाबेस 20 जीबीचा, म्हणजे वावरण्याचा सगळा परिसर नकाशात आला. साटाला अशी उसनवारीची सोयच नाही. कंट्रोलरमधली जी चिमूटभर मेमरी असेल तेवढ्यावर भागवायचं, नाहीतर प्रत्येक वाचनाआधी नकाशाचा तुकडा नँडमधून आणायचा. म्हणून वर साटाला नाही म्हटलं.

एचएमबीमधली नकाशाची प्रत वीज गेल्यावर उडते, पण मूळ नँडमध्ये असतो आणि ताजे बदल ड्राइव्ह पुढच्या वेळी चालू होताना ताज्या ब्लॉकवरच्या खुणा वाचून जुळवतो. त्यामुळे अचानक वीज गेलेली एसएसडी कधीकधी लगेच ओळखली जात नाही. घाबरून दहा वेळा चालू-बंद करू नका, त्याने जुळवणी दर वेळी अर्धवट तुटते. साटाची डेटा केबल काढा, फक्त वीज देऊन वीस-तीस मिनिटं सोडा, मग जोडून बघा.

आता कपॅसिटरचा हिशेब, सगळं घोडं इथे पेंड खातं. समजा ड्राइव्हवरच्या पिवळ्या-काळ्या टँटलम कपॅसिटरांच्या ओळीची मिळून 1000 मायक्रोफॅरड क्षमता आहे आणि ती 12 व्होल्टला भरलेली आहे. 5 व्होल्टपर्यंत उतरवली तर त्यातून 0.06 ज्यूल मिळतात. ड्राइव्ह 3 वॅट खात असेल तर ही झाली 20 मिलिसेकंदं. नँडमध्ये सेकंदाला 1 जीबी उतरवता येत असेल तर 20 मिलिसेकंदांत 20 एमबी. संपलं! म्हणजे बनवणाऱ्याला डीरॅममध्ये न उतरलेला माल 20 एमबीच्या आतच ठेवायला हवा, आणि कपॅसिटर म्हातारे होतात म्हणून त्याच्याही बराच खाली. डीरॅम किती बसवली याला इथे महत्त्व नाही. उडणाऱ्या मेमरीत किती "देणं बाकी" ठेवायचं, हे टिकणाऱ्या बाजूचा वेग आणि साठवलेली वीज ठरवतात.

याचा एक उलटा वाटणारा परिणाम आहे, तो दुकानदाराला पटवायला उपयोगी. कपॅसिटरवाली एसएसडी बिलिंगला *वेगवानही* असते. साध्या प्रामाणिक एसएसडीला एफसिंक आला की माल आणि नकाशाचा बदल नँडमध्ये उतरवूनच उत्तर द्यावं लागतं. त्यात मिलिसेकंदं जातात, म्हणून जाहिरातीत लाखांत आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचनं-लिखाणं) असलेली ड्राइव्ह एफसिंकच्या चाचणीत सेकंदाला काही शेकड्यांवर किंवा हजार-दोन हजारांवर येते. कपॅसिटरवाली डीरॅममध्ये माल घेते आणि लगेच "झालं" म्हणते, आणि खरं बोलते. ती सहज दहा हजारांच्या वर जाते.

पाकिटावर "पॉवर लॉस" काहीतरी लिहिलंय म्हणून हुरळू नका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीएलसी नँडमध्ये एका सेलमध्ये तीन बिट असतात. वरचं पान लिहिताना वीज गेली तर त्याच सेलमधलं आधीच लिहिलेलं पानही बिघडू शकतं. ग्राहकांसाठीच्या चांगल्या ड्राइव्ह एवढ्यापासून वाचवतात: जुनं सुरक्षित, वाटेतलं नाही. वाटेतलंही वाचवणाऱ्या म्हणजे डेटा सेंटरच्या मालिका. साटामध्ये सॅमसंग पीएम893, किंग्स्टन डीसी600एम, मायक्रॉन 5400 या तिन्हींत ही सोय आहे. एम.2 (मदरबोर्डवर बसणारी पट्टी) मध्ये घेणार असाल तर पट्टीची लांबी आधी मोजा. कपॅसिटरला जागा लागते म्हणून अशा बऱ्याच ड्राइव्ह 22110 मापाच्या, म्हणजे 110 मिलिमीटर लांब असतात, आणि साध्या मदरबोर्डवर 80 मिलिमीटरलाच स्क्रू असतो. तुमच्यासारख्या ठिकाणी 2.5 इंची साटा, कपॅसिटरसकट, रेड 1 मध्ये (दोन्हींवर तोच डेटा) दोन. झालं काम. रेड कार्डाची गरजही नाही.

असलेलं मशीन खरं बोलतंय का हे तपासायचं असेल तर सगळ्यात स्वस्त चाचणी हार्ड डिस्कवर होते. 7200 आरपीएम म्हणजे सेकंदाला 120 फेरे. एकामागोमाग एक एफसिंक करणारा छोटा प्रोग्राम चालवा (पोस्टग्रेस डेटाबेसबरोबर पीजी टेस्ट एफसिंक येतोच). आकडा 120 च्या आसपास किंवा खाली आला तर डिस्क प्रामाणिक. बॅटरी नसलेल्या मशीनवर तो दोन-तीन हजार आला, तर मध्ये कुणीतरी थापा मारतंय. एसएसडीला ही फेऱ्यांची कसोटी लागू पडत नाही. तिथे प्लग उपटायचीच चाचणी: मशीन लिहील आणि प्रत्येक "झालं" नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला कळवेल, मग चालू असताना भिंतीतला प्लग काढायचा, पुन्हा चालू करून दुसऱ्या मशीनची यादी डिस्कशी ताडायची. रीसेटचं बटण चालणार नाही, त्याने ड्राइव्हची वीज जात नाही. एकदा पास झाली म्हणून थांबू नका, दहा वेळा करा. खरा डेटा असलेल्या ड्राइव्हवर हे करू नका, एवढं सांगायला नको.

विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज टॅबवर दोन चौकोन असतात. पहिला राइट कॅशिंगचा, तो चालू राहू द्या. दुसरा बफर फ्लशिंग बंद करण्याचा. "पीसी फास्ट करा" छापाचे व्हिडिओ तोच टिचकवायला सांगतात. त्यावर खूण केली की विंडोज ड्राइव्हला उतरवायचा हुकूमच देत नाही, मग ड्राइव्ह कितीही प्रामाणिक असो. कपॅसिटर नसतील तर तिथे खूण म्हणजे त्या औषधवाल्याच्या कार्डाचंच सेटिंग झालं.

32 जीबी रॅम घ्यायला हरकत नाही, 20 जीबीचा डेटाबेस जवळजवळ सगळा रॅममधून वाचला जाईल, रिपोर्ट पटापट निघतील. लिखाण त्याने सुरक्षित होत नाही, वेगवानही होत नाही. लिनक्सवर तर एक उपद्रव वाढतो: न उतरलेल्या पानांची मर्यादा मोकळ्या मेमरीच्या 20 टक्के असते, म्हणजे 32 जीबीवर 6 जीबीपर्यंत, आणि पान 30 सेकंद तसंच पडू शकतं. डेटाबेस स्वतः एफसिंक करतो म्हणून वाचतो, पण बॅकअपची साधी कॉपी करणारी स्क्रिप्ट "बॅकअप पूर्ण" म्हणते तेव्हा फाइल बरीचशी रॅममध्येच असते. ती मर्यादा टक्क्यांऐवजी बाइटमध्ये बांधा: पाठीमागून उतरवायला 64 एमबीपासून सुरुवात, कमाल 512 एमबी. आणि स्क्रिप्टच्या शेवटी सिंक (रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवणारा हुकूम) घाला.

वेग हवाच असेल आणि पैसे नसतील, तर खोटं बोलणारं सेटिंग आणि उधारी कबूल करणारं सेटिंग यात फरक करा. मायएसक्यूएलमध्ये लॉग फ्लशचा पर्याय 1 ऐवजी 2 केला तर वीज गेल्यावर साधारण शेवटच्या एका सेकंदाचे व्यवहार जातील. पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट बंद केलं तर डीफॉल्टला जास्तीत जास्त 0.6 सेकंदाचे. दोन्हींत क्रम शाबूत राहतो, डेटाबेस सुरळीत उघडतो, अर्ध्या मिनिटापूर्वीचं बिल जागेवर असतं. पोस्टग्रेसचं एफसिंकच बंद करणं हा वेगळा प्रकार आहे, तो करू नका. पतसंस्थेच्या किंवा पैशांच्या नोंदीला मात्र ही एका सेकंदाची उधारीसुद्धा नको.

राहिलेल्या अटी. कपॅसिटरही कायमचे नसतात. ड्राइव्ह स्वतः त्यांची चाचणी घेते आणि निकाल स्मार्टमध्ये (ड्राइव्हच्या तब्येतीची नोंद) टाकते, वर्षातून दोनदा बघा. एनव्हीएमईला "अनसेफ शटडाउन" नावाचा आकडा असतो, तो महिन्याला वाढत असेल तर दोष यूपीएसच्या साखळीत शोधा. आणि कपॅसिटर चुकीने पुसलेलं परत आणत नाहीत, रॅन्समवेअरलाही अडवत नाहीत. रात्रीचा बॅकअप हवाच, दुसऱ्या जागी.

आणि तुमच्याकडे आधीच रेड कार्ड असेल तर एसएसडी घ्यायच्या आधी त्याचा इव्हेंट लॉग काढा. बॅटरी कधी गेली, राइट-थ्रूवर कधी आलं, जबरदस्तीचं राइट-बॅक कुठल्या तारखेला, किती वाजता लावलं, सगळं त्यात असतं. तो लॉग कार्डाच्या टिकणाऱ्या मेमरीत लिहिलेला असतो, वीज गेली तरी पुसत नाही. छापून फाइलला लावा, आणि पुढच्या वेळी "यूपीएस आहे ना" ऐकू आलं की काउंटरवर ठेवा.